सील मारलेला बिस्किटांचा डबा

१ जानेवारी, रविवार

कंपनीने लिफ्ट-दुरुस्तीची नवी रजिस्टरं दिली. एक जास्तीचं होतं, ते मी घरी आणलं. चोरी नाही, साहेबांनीच घेऊन जा म्हणून सांगितलं. पानावर चार रकाने आहेत: तारीख, बिघाड, कारण, उपाय. बावीस वर्षं मी इमारतींच्या मशीनरूममध्ये बसून हे रकाने भरतोय, स्वतःच्या घरासाठी कधी भरले नाहीत. आजपासून भरणार. रकान्यात मावलो नाही तर आडवं लिहीन.

बिघाड: घरात सभा झाली. सभा म्हणजे ही बोलली आणि आम्ही तिघांनी ऐकलं. तिघं म्हणजे मी, लेक आणि अप्पा. अप्पा माझे वडील, निवृत्त बस कंडक्टर.

ही अकरा वर्षं ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करते, त्या लॉन्ड्रीवाल्या काकू आता दुकान सोडतायत. गुडघे गेले बिचारीचे. दुकान हिलाच चालवायला द्यायची त्यांची तयारी आहे, पण ३१ मार्चपर्यंत पंचेचाळीस हजार अनामत हवी. नाहीतर शेजारचा फोटोवाला टपून बसलेलाच आहे.

"आठवड्याला साडेतीन हजार बाजूला पडले तर जमतं," ही म्हणाली. "आणि मला आज कुणाचं भाषण नकोय."

मी भाषण करणारच नव्हतो. फक्त घसा साफ केला होता.

मग तिने जुनी उजळणी काढली. पाणी गाळायच्या यंत्रांची एजन्सी. ठेव दुप्पट करून देणारे ते गृहस्थ, जे स्वतःच गायब झाले. आणि सगळ्यात शेवटी शिड्या. शिड्यांवर आली की तिचा आवाज खाली जातो, आणि तेच जास्त वाईट. सहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या दुकानाच्या लिलावात मी घडीच्या चाळीस शिड्या घेतल्या. तिची साठवलेली सगळी शिल्लक त्यात गेली, आणि ही बातमी तिला टेम्पोवाल्याने दिली. "वहिनी, कुठे उतरवू?" असं विचारून.

प्रत्येक घरात शिडी लागते, हा माझा हिशेब होता आणि तो आजही बरोबर आहे. फक्त ज्याने एक घेतली त्याला जन्मात दुसरी लागत नाही, एवढंच नजरेतून सुटलं. छत्तीस उरल्यात. गॅलरीत ऊन येत नाही. लेक म्हणते, लिफ्टवाल्याच्या घरी छत्तीस शिड्या आहेत हे सांगितलं तर मैत्रिणींना खरं वाटत नाही.

काकूंनी करारनाम्याचा कागद दिलाय. त्यात दुकान चालवणाऱ्यांची दोन नावं लिहायला जागा आहे. पहिल्या ओळीवर हिने आपलं नाव लिहिलं. दुसरी ओळ कोरी ठेवली.

"माझं लिही की," मी म्हणालो.

"३१ मार्चला बघू," ही म्हणाली, आणि कागद घडी करून कपाटात ठेवला.

मला हे लागलं. उपाय: दाखवून देणे.

२ जानेवारी, सोमवार

बिस्किटांचे पाच रिकामे डबे काढले. किराणा, बिलं, प्रवास, औषधं असे चार. पाचव्यावर लेकीने झोकात "दुकान" लिहिलं. त्याच्या झाकणाला मी खाच पाडली, दर रविवारी पैसे वरून टाकायचे, शेवटच्या दिवसापर्यंत झाकण उघडायचं नाही.

इथे माझं डोकं चाललं. लिफ्ट भलत्या वेगाने खाली निघाली तर तिला धरून ठेवणारा एक भाग असतो. त्याला आम्ही तार ओवून शिशाचं सील मारतो, म्हणजे कुणी त्याच्याशी खेळ केला तर लगेच कळतं. कालच्या रविवारचे पहिले साडेतीन हजार आत टाकले आणि तसंच सील मी डब्याला मारलं. सीलची पक्कड फक्त माझ्याकडे आहे. आता कुणी हात लावूच शकत नाही.

"तुमच्याशिवाय," ही म्हणाली.

हिच्या जिभेला हाड म्हणून नाही.

ही वही मी कामाच्या पिशवीत, पकडीच्या खाली ठेवणार. त्या पिशवीला इतकं ग्रीस लागलंय की घरात कुणी तिला बोटही लावत नाही. बँकेच्या लॉकरपेक्षा बरं.

८ जानेवारी, रविवार

दुसरे साडेतीन हजार पडले. अप्पांकडे प्रवासाचा डबा दिलाय, ते चुकलंच. कंडक्टर निवृत्त होतो, पण त्याच्यातली तिकीटबारी बंद होत नाही. कुठून कुठे जायचं ते सांगा, मग ते चिठ्ठी फाडतात, जुन्या पंचने तिला भोक पाडतात आणि मोजून पैसे देतात. आज लेकीने जास्तीचे मागितले तर म्हणाले, "एवढ्यात पुढचा स्टॉप येतो, तिथून चालत जा."

१७ जानेवारी, मंगळवार

बचतीला मी हातभार लावला. गेल्या आठवड्यात घाऊक दुकानात मीठ निम्म्या भावात होतं. वीस किलो घेतलं. मीठ खराब होत नाही, हे कुठलंही पोर सांगेल.

हिने पोत्यावरचं वजन वाचलं. मग म्हणाली, "आपण महिन्याला एक किलोसुद्धा खात नाही."

"म्हणजे दोन वर्षं बघायला नको!"

"आणि या महिन्याचं तेल?"

किराण्याच्या डब्यात तेलापुरते उरले नव्हते. आठवडाभर उकडलेलं खाल्लं. मीठ मात्र हवं तेवढं होतं.

२९ जानेवारी, रविवार

आज मन भरून आलं. लेकीने आपणहून विचारलं, "बाबा, सील एकदा कापलं की परत मारता येतं का हो?" सतरा वर्षांत माझ्या कामाबद्दल तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पक्कड काढली, तार कशी ओवायची, शिसं कसं दाबायचं, सगळं अर्धा तास शिकवलं. तिने दोनदा स्वतः मारून बघितलं. माझ्यापेक्षा नीट मारते! अप्पाही चष्मा लावून शेजारी बसले होते. घरात शिकायचं वातावरण तयार होतंय.

४ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचे कुरळे केस अचानक काठीसारखे सरळ झालेत. विचारलं तर म्हणाली, शाम्पू बदलला. काय एकेक शाम्पू निघतात.

९ फेब्रुवारी, गुरुवार

अप्पांच्या अंगठ्याला चीर पडलीये. तार लागली म्हणाले. कसली तार? तर म्हणे सायकलची. सायकल विकून चार वर्षं झाली. वय झालं त्यांचं, दुसरं काय. मी जास्त ताणलं नाही.

सीलच्या तारेचं रीळही लवकर संपत आलंय. कंपनी हल्ली तार कमी भरते. या देशात... जाऊ दे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

बारा मजली इमारतीत एक बाई सातव्या आणि आठव्याच्या मध्ये पाऊण तास अडकल्या. आतून दार बडवत होत्या. अशा वेळी आम्ही बाहेरून एकच बोलत राहतो: "दार ओढू नका. मी इथेच उभा आहे. निवांत थांबा." दार ओढलं की सगळं जास्तच अडकतं. बाहेर आल्यावर त्यांनी मला बिस्किटं दिली आणि सोसायटीकडे माझी तक्रारही केली.

२० फेब्रुवारी, सोमवार

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

जुन्या सिनेमागृहाचं सामान विकायला काढलंय. तिथे एक यंत्र होतं, नाणं टाकलं की वजनाचं तिकीट देणारं. लाल रंगाचं, आरशाचं, वर दिवे. मी बघत उभा राहिलो आणि डोक्यात एकदम सगळं जुळलं. लिफ्टची वाट बघणारा माणूस काय करतो? काहीच नाही. दिवसातून दहा वेळा काहीच करत नाही. त्याच्या शेजारी हे यंत्र ठेवलं तर? बारा मजले, अठ्ठेचाळीस घरं, दिवसाला निदान शंभर माणसं. निम्म्यांनी जरी नाणं टाकलं तरी मार्चअखेर तिप्पट! हिच्या डब्यात पंचेचाळीसच्या जागी साठ हजार निघतील आणि ती माझ्याकडे बघतच राहील.

यंत्र आठ हजारांना.

मला माहीत आहे पुढे काय लिहायचंय. हात चालत नाही.

ही लॉन्ड्रीत, लेक कॉलेजात, अप्पा बागेत. मी सील कापलं. आठ हजार काढले. परत सील मारलं. कुंपणानेच शेत खाल्लं, असं लोक म्हणतील. पण लोकांना यंत्र माहीत नाही. महिन्याभरात परत टाकणारच आहे. ही उसनवारी झाली, दुसरं काही नाही.

शिड्यांच्या वेळीही मी "उसनवारी" म्हणालो होतो, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. नको तेव्हा आठवतं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र इमारतीच्या मशीनरूममध्ये आणून ठेवलं. आनंदाने नाणं टाकलं. परत बाहेर आलं. दुसरं टाकलं, तेही बाहेर. उघडून बघितलं तर आत फक्त जुनं मोठं नाणं बसतं, ते जे पंधरा वर्षांपूर्वी बंद झालं ते.

बंद झालेल्या नाण्यावर चालणारं यंत्र मी आठ हजारांना घेतलं. हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेवढंच वाईट वाटलं.

घरी येऊन अप्पांना सहज म्हणालो, "तुमच्याकडे जुनी मोठी नाणी होती ना हो?" त्यांनी ट्रंकेतून पिशवी काढली, एक नाणं दिलं आणि चिठ्ठीला भोक पाडून दिलं. कशाला हवंय, विचारलं नाही. नुसतं बघितलं.

ते नाणं टाकून मशीनरूममध्ये स्वतःचं वजन केलं. यंत्र अकरा किलो जास्त दाखवतं. म्हणजे असं मी धरून चाललोय.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सोसायटीच्या सेक्रेटरींना यंत्राबद्दल विचारलं. म्हणाले, "लिफ्टशेजारी वजनकाटा? उद्यापासून सगळे जिन्याने जातील आणि तुमची लिफ्ट बंद पाडायला सांगतील." नाण्यांचा भाग मी सांगितलाच नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला.

एक चांगलं झालं. काल सुट्टी होती, पिशवी घरीच होती. हिने ती धुतली, खळ घातली आणि वर इस्त्रीसुद्धा केली! ग्रीसचा डाग नाही. पक्कड, वही, सगळं जिथल्या तिथे परत ठेवलेलं. वहीच्या पानांनाही खळीचा वास येतोय. इतकी माया आहे हिची माझ्यावर, आणि मी काय केलंय. ही वही उघडून बघायला तिला वेळ असता तर माझं काही खरं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

डब्यात साडेतीन हजार टाकताना हिने मला सांगितलं, "आज तुम्ही टाका." मी टाकले. नोटा तळाशी पडल्याचा आवाज जरा जास्तच मोकळा आला असं मला वाटलं. हिला ऐकू आलं असेल का? चोराच्या मनात चांदणं.

"आता एकतीस हजार झाले असतील, नाही?" ही म्हणाली.

"साडेएकतीस," मी म्हणालो. माझा आवाज लिफ्टमधल्या रेकॉर्डसारखा आला.

काकूंनी तिला दुकानाची एक चावी देऊन ठेवलीये. ती तिने स्वतःच्या चाव्यांत ओवलीये आणि बोलता बोलता तिच्यावरून अंगठा फिरवते. मला ते बघवत नाही. आठ हजार आणायचे कुठून?

बिघाड: मी. कारण: जुनंच. उपाय: शिड्या.

५ मार्च, रविवार

शिड्या विकायच्या तर लोकांना शिडीची गरज वाटली पाहिजे, हे धंद्याचं पहिलं तत्त्व. शुक्रवारी बारा मजली इमारतीत लिफ्टची महिन्याची तपासणी होती. दोन तास लिफ्ट बंद. मी सात शिड्या तळमजल्यावर मांडल्या आणि पाटी लावली: "घडीची शिडी, फक्त चारशे." जिन्याने धापा टाकत वर निघालेले लोक थांबून बघू लागले.

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "लिफ्ट बंद करून शिड्या विकतोस होय रे? बाहेरून चढायचं का आम्ही बाराव्या मजल्यावर?"

मी समजावलं की या घरातल्या शिड्या आहेत, माळ्यावरच्या वस्तूंसाठी. कुणी ऐकेना. एकाने फोटो काढला. कंपनीत तक्रार गेली. साहेबांनी बोलावून विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूचा आहेस?" पण सातच्या सात खपल्या! भांडता भांडता लोकांना माळे आठवले असावेत.

अठ्ठावीसशे मिळाले. आठवड्यात ही कामावर गेली की खाचेतून टाकीन.

११ मार्च, शनिवार

आज मला माझ्यातला विक्रेता सापडला. लॉन्ड्रीवाल्या काकूंनी स्वतः फोन केला. "शिड्या आहेत म्हणे तुमच्याकडे. सहा पाठवा." दुकान सोडून निघालेल्या बाईला सहा शिड्या कशाला, ते काही कळलं नाही. गुडघे गेलेली बाई शिडीवर चढणार तरी कशी? पण गिऱ्हाईकाला प्रश्न विचारायचे नसतात. भावही केला नाही त्यांनी. चोवीसशे रोख.

हिला म्हणालो, "बघितलंस? काकूंनाही पटलं."

"हो ना," ही म्हणाली, आणि शर्टाची कॉलर वाफेने इतकी दाबली की दिसेनाशी झाली.

१८ मार्च, शनिवार

यंत्र भंगारवाल्याला दिलं. पंधराशे. भंगारवाल्याने आरशात बघून केस नीट केले, तेवढाच त्या यंत्राचा जगाला उपयोग. राहिले तेराशे.

२५ मार्च, शनिवार

सलग दोन शनिवार आणि दोन सुट्ट्या आणीबाणीच्या कॉलवर गेलो. जोडीदाराच्या पाळ्याही मीच केल्या. एका ठिकाणी कुत्रा अडकला होता, तो सगळ्यात शांत. तेराशे झाले. आज खाचेतून शेवटचे पैसे टाकले. आठ हजार पूर्ण.

सुटलो! कुणालाही कळणार नाही. सोमवारपासून जेवणाला चव येईल असं वाटतंय.

२७ मार्च, सोमवार

नाही आली. मीठ कमी पडलं म्हणावं तर ते शक्य नाही.

कपाट उघडं होतं. करारनाम्याची घडी दिसली. दुसरी ओळ अजून कोरी आहे. मी हळूच बघून परत ठेवलं.

३१ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो.

ही अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली. काकू चार वाजता दुकानात वाट बघणार होत्या. डबा टेबलावर, आम्ही चौघं भोवती. ही म्हणाली, "उघडायच्या आधी, कुणाला काही सांगायचंय?"

पंखा फिरत होता. अप्पा पंख्याकडे बघत होते, लेक नखांकडे, मी डब्याकडे.

"बरं," ही म्हणाली. मी सील कापलं. अप्पांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, दहा दहाच्या गड्ड्या घातल्या, मग पुन्हा मोजल्या. आयुष्यभर पैसे मोजलेल्या माणसाच्या कपाळावर घाम आला.

"सेहेचाळीस हजार सहाशे."

तेरा रविवार, साडेतीन हजार. साडेपंचेचाळीस हवेत. अकराशे जास्त!

"कमी असते तर मला कळलं असतं," ही म्हणाली. "या घरात पैसे जास्त कसे झाले?"

आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. उत्तर द्यायची कुणाला सवय नव्हती. शेवटी लेक रडवेली होऊन म्हणाली, "शंभर माझे आहेत." फेब्रुवारीत तिने सातशे काढले होते, केस सरळ करायला. मग शेजारच्या मुलीची शिकवणी घेऊन आठशे टाकले. शंभर दंड, स्वतःच लावलेला.

"शाम्पू!" मी ओरडलो.

"तुम्हीच शिकवलंत ना बाबा सील मारायला."

अप्पांनी खाकरून सांगितलं, "हजार माझे." त्यांच्या बसच्या जुन्या ड्रायव्हरला कवळी बसवायची होती, त्याला दिले. पेन्शन आल्यावर खाचेतून परत टाकले. मग टाकले की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकले. "कंडक्टरच्या पिशवीत जास्त निघाले तर चालतात. कमी नाही निघाले पाहिजेत." आणि अंगठा पुढे करून दाखवला. सायकलची तार!

सेहेचाळीस हजार सहाशेतून अकराशे वजा. साडेपंचेचाळीस. "जुळलं," अप्पा म्हणाले.

जुळलं. पैशाला पैसा. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. हिने पंचेचाळीस हजार वेगळे काढले, लेकीला डोळे पुसायला सांगितलं, कपाटातून कागद आणला आणि पेनचं टोपण काढलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसायला एवढंच पुरे होतं. आतापर्यंत मी प्रत्येक वेळी तेच केलं होतं.

पण ती दुसऱ्या ओळीवर पेन टेकवायला लागली आणि मला ते सहन होईना. ते नाव खोट्यावर पडलं असतं. मी म्हणालो, "थांब. आधी ऐक."

सगळं सांगितलं. सिनेमागृह, लाल यंत्र, आरसा, दिवे, जुनं नाणं, लिफ्ट बंद असताना मांडलेल्या शिड्या, भंगारवाला, कुत्रा. मध्येच लेक हसायला लागली, मग तिला कळलं की हसायचं नाही, मग तिला आवरेना. अप्पा म्हणाले, "तरीच नाणं." मी म्हणालो, "पैसे परत टाकलेत. पण घेतले होते. तुला न विचारता घेतले होते. शिड्यांसारखेच."

हिने पेन हातात तसंच ठेवलं. मग म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंत. टेम्पोवाला यायच्या आधी."

मी मान खाली घातली. ओळ कोरी राहणार, ते मी मनाशी धरलं होतं आणि त्यात तिची चूक नव्हती.

कागदावर पेनचा आवाज आला. माझं नाव ती नेहमी लिहिते तसं, शेवटचं अक्षर जरा खाली घसरलेलं.

"सही दोघांची," ही म्हणाली. "डबा माझा. पक्कड कंपनीत ठेवून यायची. आणि मीठ पुढची दोन वर्षं तुम्ही आणायचं नाही."

"लागणारच नाही," मी म्हणालो.

चार वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही चौघं दुकानात पोचलो. प्रवासाच्या चिठ्ठीला अप्पांनी भोक पाडलं होतं.

३ एप्रिल, सोमवार

दुकान हिच्या नावावर, म्हणजे आमच्या नावावर, चालू झालं. काकूंच्या सहा शिड्या तिथेच आहेत. घडी उघडून भिंतीशी उभ्या केल्यात आणि त्यांच्या पायऱ्यांवर ओल्या चादरी वाळत घातल्यात. ही म्हणाली, "आणखी दहा आणा, जागा आहे." काकूंना याची आधीच कल्पना होती की काय, विचारायला हवं.

हे वर लिहिलं आणि करारनाम्याची प्रत वहीत ठेवायला म्हणून मागचं पुठ्ठ्याचं पाकीट उघडलं. ते कार्बन पेपरसाठी असतं, मी कधी वापरत नाही. आत लॉन्ड्रीचा कागदी टॅग होता, कपड्यांना टाचणीने लावतात तसला. मागच्या बाजूला चार रकाने, पेनाने आखलेले. अक्षर हिचं.

तारीख: २२ फेब्रुवारी. बिघाड: आठ हजार. कारण: वाचलं. उपाय: वाट बघणे.

मशीनरूममध्ये बसलो होतो. मोटर चालू होती, बरं झालं, कुणाला काही ऐकू गेलं नाही.

बावीस फेब्रुवारी, म्हणजे पिशवी धुतली तो दिवस. तेव्हापासून एकतीस मार्चपर्यंत सदतीस दिवस होतात, मी दोनदा मोजले. सदतीस दिवस मी आतून दार ओढत होतो आणि ती बाहेर उभी होती. एकदाही बडबडली नाही. सहा शिड्या तेवढ्या घेतल्या, त्याही काकूंच्या नावाने.

पक्कड कंपनीत जमा केली. वही मात्र पिशवीतच ठेवतोय, त्याच जागी, आणि पिशवी घरी गेलो की त्याच खिळ्याला अडकवीन. टॅग परत न्यायचा असेल तर वाचणारीने खुशाल न्यावा. दुकान नवीन आहे, कमी पडत असतील.